हॅरीचा कोरडा अल्टिमीटर

गोल काच आणि तिच्याखाली सुई दिसली की माझं बोट शिवशिवतं. भिंतीवरचं घड्याळ असो, गरम पाण्याच्या टाकीवरचा मीटर असो, नाहीतर डॉक्टरांकडचं ब्लडप्रेशरचं यंत्र असो. उजव्या हाताची तर्जनी आपोआप पुढे होते आणि काचेवर एक हलकी टिचकी बसते. आमची शैला मूळची पुण्याची, त्यामुळे बोलताना भीड ठेवत नाही. एका लग्नात यजमानांच्या जुन्या किमती घड्याळावर मी टिचकी मारली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना माफ करा हं. छत्तीस वर्षं हेच केलंय, दुसरं काही येत नाही."

खोटं नाही ते. विमानाच्या कॉकपिटमधली यंत्रं उघडायची, साफ करायची, तपासायची आणि 'आता हे खरं बोलतं' असं लिहून सही करायची, हा माझा धंदा. सिॲटलच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळाच्या कडेला आमचं वर्कशॉप होतं. मी राहायला रेडमंडला, एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या गावात. तिथे नवा मराठी माणूस भेटला की नाव विचारून होताच दुसरा प्रश्न, "कुठल्या टीममध्ये?" मी सांगायचो, "स्क्रूड्रायव्हर टीममध्ये." पुढचा बिचारा गोंधळून कंपनीत असं काही प्रॉडक्ट आहे का, ते आठवत बसायचा.

टिचकीमागे शास्त्र आहे, ते आधी सांगतो. यंत्रातल्या बारीक चाकांमध्ये थोडं घर्षण असतं, त्यामुळे सुई कधीकधी खऱ्या आकड्याच्या अलीकडेच अडखळते. टिचकी मारली की ती खऱ्या जागी जाऊन बसते. म्हणून आमच्याकडे कोणतंही यंत्र हातात आलं की पहिलं काम टिचकी, मग बाकी सगळं. पायलट लोकही मारतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. शेतांवर औषध फवारणारा एक पायलट तणतणत आला. म्हणे, तुम्ही दिलेला वेगाचा मीटर भंगार आहे, विमान हवेत उडतंय आणि काटा शून्यावर. मीटर ठणठणीत होता. मी त्याच्या विमानापाशी गेलो आणि बाहेरची हवा मीटरपर्यंत आणणाऱ्या नळीत तार घातली, तर आतून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, पिल्लांसकट. तो माणूस ते घर बायकोला दाखवायला डबीत घालून घेऊन गेला. छत्तीस वर्षांत मी एक शिकलो. माणसं यंत्राला पटकन खोटं ठरवतात, आणि यंत्राची देखभाल करणाऱ्याला तर त्याहूनही पटकन.

एडिथबाईंची गोष्ट अशाच एका आरोपाची आहे.

आमची मुलगी मीरा फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवते. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, भर हिवाळ्यात तिचा फोन आला. "बाबा, माझी एक पेशंट आहे, एडिथ. शी इज ऑलमोस्ट नाइन्टी. तिच्याकडे एक खूप जुना अल्टिमीटर आहे. मी बोलता बोलता तुमचं काम सांगितलं तर ती रडायलाच लागली. प्लीज, एकदा या ना."

शनिवारी मीराबरोबर गेलो. घर छोटं पण लख्ख होतं. एडिथबाई उंच, ताठ, आवाज शाळामास्तरणीचा, आणि होत्याही त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी लोकरीच्या स्कार्फमध्ये गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि स्कार्फ अलगद उलगडला. काळी तबकडी, एका बाजूने दबलेलं पितळी घर, काचेला तडा. उंची दाखवणारी सुई नऊशे फुटांवर.

"माझे वडील मेले तेव्हापासून ती तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा चार महिन्यांची होते."

वडिलांचं नाव हॅरी. अलास्काच्या पार उत्तरेला, बर्फाच्या समुद्रालगतच्या गावांना विमानाने टपाल, पीठ आणि शाळेची पुस्तकं पोहोचवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते मेकॅनिक होते. ध्रुवाकडची विमानविद्या तेव्हा नुकती रांगत होती. चाकांच्या जागी लाकडी स्की, एकच इंजिन, रेडिओ नाही, नकाशावर अर्धा कागद कोरा. विमानात दोनच माणसं, पायलट आणि हॅरी. उतरल्यावर पायलट शेकोटीपाशी जाई, हॅरीचं खरं काम तेव्हा सुरू होई.

हॅरींनी बायकोला लिहिलेली पत्रं बाईंनी मला वाचायला दिली. उतरल्याबरोबर इंजिनातलं सगळं तेल डब्यात काढून घ्यायचं, नाहीतर ते आतच थिजून दगड होणार. तो डबा झोपडीत शेगडीजवळ ठेवायचा. सकाळी इंजिनावर ताडपत्रीचा तंबू टाकून त्यात स्टोव्ह घेऊन बसायचं, इंजिन तापवायचं, तेल तापवायचं, ओतायचं, आणि ते पुन्हा थिजायच्या आत इंजिन चालू करायचं. ताडपत्रीने पेट घेतला तर विमानासकट आपणही गेलो. बारीक स्क्रू हातमोजे घालून धरता येत नाहीत, म्हणून उघड्या बोटांनी काम, उणे चाळीसमध्ये. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'इंजिनाला सूप पाजून झालं की मग मला कॉफी.' मी आयुष्यभर हीटर लावलेल्या खोलीत, गुबगुबीत खुर्चीवर बसून काम केलं. ते वाचून मला माझीच लाज वाटली, आणि त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

एका परतीच्या फेरीत वादळ आलं. खाली बर्फ, वर ढग, सगळं एकच पांढरं. विमान एका बुटक्या टेकडीवर आदळलं. टेकडी जेमतेम पाचशे फूट उंच. कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघालेल्या गावकऱ्यांना ते काही आठवड्यांनी सापडलं. दोघेही गेले होते.

मग बाईंनी एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. कंपनीच्या तपासनिसाचं, अल्टिमीटरबरोबर हॅरींच्या बायकोला आलेलं पत्र, चार ओळींचं. अल्टिमीटरची सुई अडकलेली आढळली. आतल्या चाकांच्या खिळींना तेलाचा टिपूसही नव्हता. यंत्र नऊशे फूट दाखवत राहिलं आणि पायलट फसला. मेकॅनिकची हेळसांड. पायलटच्या नावाची पितळी पाटी त्या गावात लागली. पाटीवर हॅरींचं नाव नाही. विमान कंपनीही पुढे बुडाली, पण कागद राहिला.

"आईने हे पत्र मला मी मोठी झाल्यावर दाखवलं," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी म्हणते, तुम्ही खरं ते सांगता. मला पाटी नको आहे. मला एवढंच कळू दे, माझ्या वडिलांनी त्या माणसाला मारलं का? त्याचा मुलगा अजून आहे, पोर्टलंडला. त्याची माफी मागायची असेल तर माझ्यापाशी आता फार वेळ नाही."

मी म्हणालो, "बघतो."

"एकच अट. सुई हलता कामा नये. तो बाबांचा शेवटचा क्षण आहे."

"शब्द देतो," मी म्हणालो. मीराने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये आलो, कॉफी ठेवली, स्कार्फ उलगडला, दिवा जवळ ओढला. आणि टिचकी मारली.

देवाशप्पथ सांगतो, मी नाही मारली, बोटाने मारली. छत्तीस वर्षांची सवय. यंत्र समोर आलं, दिवा लागला, बोट गेलं. सुई थरथरली आणि नऊशेवरून घसरत जाऊन तीनशेच्या जरा पुढे थांबली. जवळजवळ नव्वद वर्षं, कोसळलेल्या विमानातून, कुत्र्यांच्या गाडीतून, एका बाईच्या आयुष्यभराच्या कपाटातून जी सुई जागची हलली नव्हती, ती मी कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत हलवली.

आता खरं ते लिहितो, कारण लिहायचं तर तेच लिहावं. सुई परत नऊशेवर बसवणं हे माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं. कुणाला कळलं नसतं. मी चिमटा हातात घेतलाही होता. पण नागपूरला इतवारीत आमचे बाबा घड्याळजी होते. ते म्हणायचे, घड्याळ बंद पडलेलं परवडलं, खोटी वेळ दाखवणारं नको. चिमटा खाली ठेवला.

घरी आल्यावर मीराला फोन केला. झालं ते सांगितलं. मग, "बाबा. यू टॅप्ड इट?"

"अगं, बोटानं..."

"तिने एक गोष्ट मागितली होती. वन थिंग!"

"मी सांगतो त्यांना."

"आत्ता नाही. आधी उत्तर शोधा. रिकाम्या हाताने नका जाऊ तिच्याकडे."

मागून शैलाही म्हणाली, "शब्द दिला होतात ना? मग?" त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता अल्टिमीटर म्हणजे काय, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याला उंची मुळीच कळत नाही. त्याच्या आत पातळ पत्र्याची एक बंद डबी असते, आतली हवा काढून टाकलेली. विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डबी पुरीसारखी फुगते. खाली आलं की दबते. ते इवलंसं फुगणं चाकांमधून सुईपर्यंत पोहोचतं, बस्स. म्हणजे हा दाब मोजतो आणि आपण त्याला उंची म्हणतो. डबीला कुठे चीर पडली की खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की सुई तीनशेवर उगाच थांबली नाही. ती आमच्या टेबलावरची त्या सकाळची हवा मोजत होती. मी यंत्र दाबाच्या पेटीत ठेवलं आणि हवा हळूहळू काढली. सुई चढली. हवा सोडली, उतरली. डबी जिवंत होती! इतक्या वर्षांनी, इतक्या आपटीनंतर! आपटताना सुईची शेपटी तबकडीला घासून अडकली होती, तेवढंच. मी एकटाच जोरात 'वा!' म्हणालो.

तो आनंद तासभरच टिकला. जुन्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो, म्हणून हातमोजे, मास्क सगळं घालून मी घर उघडलं आणि भिंगाखाली पाहिलं. तपासनिसाने खोटं लिहिलं नव्हतं. खिळी कोरड्या ठाक. जुनं तेल सुकलं की त्याची पिवळी खरड राहते, तीसुद्धा नाही. तेलाशिवाय यंत्र चालवणं म्हणजे आमच्या बाबांच्या लेखी पापच. असं घड्याळ आलं की ते आधीच्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणजे हॅरी, तू खरंच...?

घड्याळजींची एक रीत असते. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, सुईने आपली खूण कोरायची. पुढचा कारागीर ती वाचतो. बाबांनी मला अक्षरांच्या आधी ती वाचायला शिकवली होती. सवयीनेच मी अल्टिमीटरचं मागचं घर उलटं करून दिव्याखाली तिरपं धरलं. (बोटाची सवय नडली, डोळ्यांची कामी आली.) पितळेवर केसासारख्या बारीक रेघा होत्या. 'एच. ड्राय.' त्याखाली पुन्हा 'एच. ड्राय.' एकाखाली एक सात वेळा, प्रत्येकासमोर दिवस आणि महिना. शेवटची खूण अपघाताच्या तीन दिवस आधीची.

ड्राय, म्हणजे कोरडं. सात वेळा उघडून सात वेळा 'कोरडं आहे' असं लिहितो आणि तेल घालत नाही? असा कसा हा माणूस? मी चक्रावलो.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी आमच्या बाथरूममध्ये. शैला नळाच्या गरम पाण्याखाली खोबरेल तेलाची बाटली धरून उभी होती. "अहो, हीटर वाढवा ना जरा," ती म्हणाली, "बाटली दगड झालीये. गरम केल्याशिवाय थेंब निघायचा नाही."

मी बाटलीकडे बघत राहिलो. मग ओरडलो, "थिजतं! शैला, तेल थिजतं!"

"हो, माहितीये मला. चाळीस वर्षं वेणी घालतेय."

जो माणूस इंजिनातलं तेल रोज रात्री काढून शेगडीजवळ ठेवत होता, त्याला अल्टिमीटरमधल्या तेलाचं काय होणार ते कळणार नाही? तो तेल घालायला विसरला नव्हता, त्याने ते काढून टाकलं होतं. तंबूत, उघड्या बोटांनी, यंत्र पुन्हा पुन्हा उघडून पेट्रोलने धुऊन त्याने ते कोरडं ठेवलं होतं. पिवळी खरड नव्हती ती म्हणूनच. 'ड्राय' ही तक्रार नव्हती, केलेल्या कामाची नोंद होती. आणि तो तपासनीस कुठल्यातरी उबदार ऑफिसात बसून म्हणतो, हेळसांड!

पण मनाला पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. माझ्याकडे त्याच काळातला, त्याच घडणीचा दुसरा अल्टिमीटर होता. त्याला नेहमीसारखं घड्याळाचं तेल दिलं. दोघांना शेजारी शेजारी थंडीच्या पेटीत ठेवलं, उणे चाळीसपर्यंत नेलं आणि हवेचा दाब बदलत गेलो. तेल दिलेला अडखळत अडखळत एका जागी रुतून बसला, टिचकीलाही दाद देईना. हॅरीचा कोरडा अल्टिमीटर मात्र शेवटपर्यंत मागोमाग येत राहिला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मी हातमोजे काढून डोळे पुसले.

शनिवारी मीरा आणि मी एडिथबाईंकडे गेलो. बसण्याआधीच सांगितलं, "बाई, मी शब्द मोडला. सवयीने टिचकी मारली. सुई हलली."

मीरा खाली पायांकडे बघत होती. वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा मी उभाच.

"कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"तीनशेच्या जरा पुढे. ती आमच्या वर्कशॉपमधली हवा मोजत होती. यंत्र चालू आहे, बाई. तेव्हाही चालू होतं."

मग सगळं सांगितलं. मागच्या घरातल्या सात खुणांचे मोठे करून काढलेले फोटो टेबलावर मांडले. दोन्ही यंत्रांची परीक्षा समजावली. बाईंनी विचारलं, "मग नऊशे का दाखवलं?"

"कारण वादळात हवेचा दाब पडतो आणि गारठ्याने हवा आक्रसते. दोन्हींमुळे अल्टिमीटर जास्त उंची दाखवतो. आज पायलटला रेडिओवर कुणीतरी सांगतं, पुढे दाब इतका आहे, सुई तेवढी फिरवून घे. त्या दोघांना सांगायला कुणी नव्हतं. नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, मी तिथे नव्हतो. पण हेळसांड झाली नव्हती, हे मी लिहून सही करून देतो. माझ्या हाताखालून हजारो यंत्रं गेली, इतकं जपलेलं मी पाहिलं नाही."

बाईंनी फोटोतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेका ओळीवरून, सातही. "हे त्यांचं अक्षर," त्या म्हणाल्या. "पत्रांतला एच असाच आहे." आणि मग त्या शिक्षिकाबाई मीराच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. आम्ही दोघंही रडलो, त्यात लपवायचं काय?

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांची रीत आहे ना, उघडणाऱ्याने खूण करायची? तुम्ही केलीत?"

"नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी करणार?"

"करा."

किटमधली कोरणी काढली, पुन्हा हातमोजे चढवले, मागचं घर उघडलं आणि हॅरींच्या सातव्या ओळीखाली कोरलं, 'ए. ड्राय.' माझं नाव अरविंद. आयुष्यात पुष्कळ सह्या केल्या, त्यातली हीच एक मला दाखवावीशी वाटते आणि ती कुणाला दिसत नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "सुई परत नऊशेवर नका ठेवू. फार वर्षं राहिली तिथे." मग बोट पुढे करून, "तुम्ही ती टिचकी कशी मारता, ते दाखवा मला."

पोर्टलंडला पत्र गेलं, माफीचं नाही, फोटोंचं. पायलटच्या मुलाने उलट फोन केला आणि दोघं दोन तास बोलले, असं मीराने सांगितलं. पाटीवर नाव लागलं का, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अल्टिमीटर आता त्यांच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीवर आहे. एका जागी टांगलेला अल्टिमीटर हवामान सांगतो. दाब पडला की सुई वर चढते, म्हणजे पाऊस येणार. बाई रोज सकाळी काठी टेकत जातात, टिचकी मारतात, आकडा बघतात. मग कधीकधी मला फोन येतो. मी निवृत्त झालो तरी येतो.

परवाच आला. बाहेर लख्ख ऊन होतं. रेडमंडला असं ऊन पडलं की लोक कामं टाकून बाहेर पळतात, मीही बूट घालतच होतो.

"अरविंद," बाई म्हणाल्या, "बाबा आज दोनशे फूट चढलेत. त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नाही. मला ते रोज सांगतात."

शैलाने आकाशाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "एवढ्या उन्हात छत्री?"

"हॅरीने सांगितलंय," मी म्हणालो आणि छत्री घेऊन बाहेर पडलो.